सातव्या हातातली नाडी

१

मास्तर खुर्चीत बसल्या बसल्याच गेले होते, आणि टेबलावरच्या हातानं त्यांचं मनगट धरून ठेवलं होतं.

फौजदारबाई दारातच थबकल्या. संध्याकाळी पाचला या, असा मास्तरांचा सकाळी फोन आला होता. वेळ पाळायची जुनी खोड, म्हणून त्या पाचला पाच कमी असतानाच जिना चढून आल्या होत्या. नोकरी सुटून तीन वर्षं झाली तरी सगळे त्यांना फौजदारबाईच म्हणत. नाकाबंदीच्या वेळी एक ट्रक अंगावर आला, डावा हात मनगटाच्या वरपासून गेला, आणि हाताबरोबर वर्दीही गेली. त्या हाताच्या जागी आज नवा हात बसायचा होता. मास्तरांच्या कारखान्यातला हात क्रमांक सात. टेबलावर होता तो तोच.

तो बाईचा हात होता. लांबट बोटं, कातडीखाली निळसर शिरा, तर्जनीच्या पेरावर एक बारीक तीळ. मास्तरांनी अर्धं आयुष्य या कातडीपायी घालवलं होतं. दिसायला ती माणसाच्या कातडीसारखी, लागायला मऊ, आणि आत केसाहून बारीक तारांचं जाळं. दाब, ऊब, ओल, सगळं तिला कळे, आणि बंद असतानाही ती माणसासारखी कोमट राही.

फौजदारबाईंनी मास्तरांच्या मानेला बोटं लावली. मान दगडासारखी गार होती. मग त्यांचा हात चुकून त्या दुसऱ्या हाताला लागला आणि अंगावर सर्रकन काटा आला. तो कोमट होता.

ओरडायच्या आधी त्यांनी खोली नजरेखालून घातली. ही नोकरीतली सवय. एसी सोळावर, खोलीत नुसता गारठा. मास्तरांचा कोट दारामागच्या खुंटीवर. खालच्या दवाखान्यात वाजणारी घंटा टेबलाच्या पलीकडच्या टोकाला. सातव्या हाताच्या बुडाशी असलेला हिरवा दिवा विझलेला. आणि त्या हाताची बोटं मास्तरांच्या घड्याळाच्या स्टीलच्या पट्ट्यावर घट्ट मिटलेली.

मग त्यांनी हाक मारली.

खालून डॉक्टर धावत आले. शेजारच्या खोलीतून सर्किट जोडणारा आला. त्याच्या बोटांत कायम चिमटा असायचा म्हणून त्याचं नावच चिमटा पडलं होतं. सगळ्यांत शेवटी रंगखोलीचं दार उघडलं आणि आक्का बाहेर आल्या. आक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. कातडीवरच्या शिरा, सुरकुत्या, तीळ, नखांची लाली, सगळं त्याच रंगवायच्या.

डॉक्टरांनी डोळे पाहिले, छाती पाहिली आणि मान हलवली. "हृदय. मी सकाळीच सांगितलं होतं यांना, भरती व्हा म्हणून. भांडलो अगदी."

चिमट्यानं टेबलावरचा पडदा चालू केला. "हातानं ऐकलंय सगळं. दोन वाजून पाच मिनिटांपासून चार वाजून पाच मिनिटांपर्यंत नाडी आहे. अगदी शांत. मग थांबलीय."

"झोपेतच गेले म्हणायचे," डॉक्टर म्हणाले. "एवढी तरी कृपा."

सातव्या हाताची बोटं मास्तरांच्या मनगटावरून काही निघेनात. चिमट्यानं ओढून पाहिलं, डॉक्टरांनी ओढून पाहिलं. मग आक्का पुढे झाल्या. त्यांनी त्या हाताच्या मनगटाखाली नुसता अंगठा दाबला आणि बोटं एकेक करून उलगडली, झोपलेल्या पोराच्या मुठीतून काहीतरी काढून घ्यावं तशी.

"जा रे आता," त्या पुटपुटल्या.

हे त्या भावाला म्हणाल्या की हाताला, ते फौजदारबाईंना कळलं नाही.

२

चौथ्या दिवशी चिमट्याचा फोन आला. "बाई, येता का? हात तुमचाच आहे. मास्तरांनी नोंदवहीत लिहून ठेवलंय. ते काम तरी पुरं करू."

फौजदारबाईंच्या उरलेल्या डाव्या हातावर त्यानं नवी खोबण चढवली. कोपराखालच्या दोन नसांवर पट्ट्या चिकटवल्या आणि सातवा हात फिरवून बसवला. खटका लागला.

"याला दोन गोष्टी येतात," तो सांगू लागला. "ऐकणं आणि बोलणं. हिरवा दिवा लागला की हात ऐकतो. जे जे लागेल ते साठवतो. निळा लागला की बोलतो, म्हणजे साठवलेलं परत देतो. नसेला जोडलेला असला तर नसेतून देतो, नाहीतर कातडीखाली बारीक फुगे आहेत, ते हलून देतात. साठवण मात्र दोनच तासांची. नवं आत आलं की जुनं मागून पुसत जातं." तो घुटमळला. "आत्ता आत मास्तरांचे शेवटचे दोन तास आहेत. पुसून टाकू?"

"थांब. मला आधी कळू दे."

"बाई, कशाला उगाच..."

"निळा लाव."

त्यानं बटण फिरवलं.

तीन वर्षं जिथे काहीच नव्हतं तिथे फौजदारबाईंना एक तळवा आला. आणि त्या तळव्यात कुणाचं तरी मनगट होतं. ऊबदार, जिवंत. त्यांनी डोळे मिटले. टप्. टप्. टप्. संथ नाडी. पाच-सात ठोके झाले की एक ठोका गाळायची, जिना उतरताना एखादी पायरी चुकावी तशी. पुन्हा टप्, टप्.

थोड्या वेळानं हाताच्या पाठीवर काहीतरी पडलं. बारीक, गरम. पडलं आणि लगेच गार झालं. मग आणखी एक.

"कुणीतरी रडतंय," त्या म्हणाल्या.



मग एक अंगठा आला. तो हाताच्या पाठीवरून फिरला, पेरामागून पेर, करंगळीकडून तर्जनीकडे. प्रत्येक पेरावर क्षणभर थांबे, हलकेच दाबे, पुढे जाई. फौजदारबाईंना वाटलं, हात झटकून द्यावा. या खोलीत मेलेल्या माणसाचा अंगठा आपल्या नसलेल्या हाताला कुरवाळतोय, आणि तोही इतक्या मायेनं! त्यांनी कशीबशी वीस मिनिटं काढली आणि बटण बंद करायला लावलं. कपाळ घामानं डबडबलं होतं.

"पाणी देऊ?"

"पाणी राहू दे. आधी मला सांग, मास्तर घड्याळ काढून ठेवायचे कधी?"

"छे! आंघोळीलासुद्धा नाही. आम्ही चिडवायचो त्यांना."

"पाच वाजता मी आले तेव्हा या हाताची बोटं घड्याळाच्या पट्ट्यावर होती. स्टीलचा पट्टा, गार, खरखरीत. मग आत्ता मला तो का लागला नाही? मी धरलं होतं ते मनगट उघडं होतं."

चिमट्याच्या बोटांतला चिमटा टेबलावर पडला.

"आणि दुसरं. मी आले तेव्हा हिरवा दिवा विझलेला होता. समोरचं माणूस गेलं की तो आपोआप विझतो?"

"नाही. बटण दाबावं लागतं." तो सावकाश म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला. "बाई... मास्तर चार वाजून पाच मिनिटांनी गेले असोत की आधी, पण गेल्यावर बटण कुणी दाबलं?"

३

डॉक्टरांचा दवाखाना खालीच होता. दुपारचे रोगी संपत आले होते. फौजदारबाई बाकावर बसून राहिल्या आणि शेवटचा रोगी गेल्यावर आत शिरल्या.

"तुम्ही मृत्यूचा दाखला घाईनं दिलात," त्यांनी सरळच सुरुवात केली.

डॉक्टर उसळले. "घाईनं? सहा वर्षं मी त्या माणसाचं हृदय सांभाळत होतो! पेसमेकर मी बसवायला लावला. शिरा तपासून घ्या म्हणून गेलं वर्षभर कानीकपाळी ओरडतोय. एक शीर बंद पडत आली होती. पेसमेकर काय, नाडी मंदावू देत नाही एवढंच. रक्तच अडलं तर तो बिचारा काय करणार?"

"अंग फार गार होतं हो."

"एसी सोळावर होता."

"मास्तर एसी पंचविसाच्या खाली आणू देत नसत. गारठ्यात कातडी कडक होते म्हणायचे. तुम्हालाही माहीत आहे."

 डॉक्टर चष्मा काढून पुसत बसले.

"वेळेवर तुम्हाला बोलावलं असतं, तर?"

"गोळी त्यांच्या कोटाच्या खिशात असायची. जिभेखाली ठेवायची. मी दीड मिनिटात वर पोचलो असतो. सांगता येत नाही. पण..." त्यांनी चष्मा परत चढवला. "वाचलेही असते."

"पेसमेकर नाडी मंदावू देत नाही म्हणालात. म्हणजे किती?"

"साठ. मिनिटाला साठाच्या खाली तो जाऊच देत नाही. जरा उशीर झाला की स्वतः ठोका मारतो. त्यासाठीच तर बसवतात."

"आणि मधूनच एखादा ठोका गळाला तर?"

"गळूच देत नाही. सांगतोय काय मी!"

फौजदारबाई ताडकन उठल्या. वर येऊन त्यांनी चिमट्याला पडदा लावायला सांगितला. त्यानं दोन तासांची नाडी उलगडली आणि मोजली. चोपन्न. पुढे पंचावन्न. पुन्हा चोपन्न. आणि ठिकठिकाणी, दात पडलेल्या कंगव्यासारखी एकेक फट.

"ही मास्तरांची नाडी नाही," फौजदारबाई म्हणाल्या. "मास्तर समोर खुर्चीत मरून पडले होते, आणि त्यांच्याशेजारी बसून कुणीतरी दुसऱ्यानं दोन तास आपलं मनगट या हातात देऊन ठेवलं होतं."

४

चिमट्यानं स्टूल जवळ ओढलं. "दोन तास? मेलेल्या माणसासमोर? पण कशाला?"

"तूच सांगितलंस की. नवं आत आलं की जुनं पुसत जातं. त्याआधी या हातानं जे ऐकलं होतं, ते त्या माणसाला पुसायचं होतं. त्याला पुरते दोन तास भरून काढावे लागले. मग बटण बंद केलं, मास्तरांचं मनगट बोटांत सरकवलं, आणि आपण सगळे म्हणालो, झोपेत गेले."

"पण हात फोडून टाकला असता तरी चाललं असतं."

"हो ना," फौजदारबाई म्हणाल्या. "मी त्याच प्रश्नाशी अडलेय. फोडायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मग दोन तास का बसायचं?"

खालचं दार आकड्यांच्या कुलुपाचं होतं. आकडा चौघांनाच ठाऊक. मास्तर, आक्का, डॉक्टर आणि चिमटा. स्वतः फौजदारबाई आल्या की घंटा वाजवत, आणि त्या दिवशी डॉक्टरांच्या नर्सनं आतून दार उघडलं होतं.

"तू कुठे होतास त्या दिवशी दुपारी?"

चिमट्यानं मान खाली घातली. "बाहेर."

"बाहेर म्हणजे?"

"एकच्या आधी गेलो, साडेचारला आलो."

"मी विचारतेय कुठे. दुसरं कुणी विचारील तेव्हा एवढ्यावर सोडणार नाही."

"मुलाखतीला!" तो एकदम बोलून गेला. "दुसऱ्या कारखान्यात. यंत्रमानवांसाठी कातडी करतात ते. चौघांसमोर तीन तास बसलो होतो, विचारा त्यांना. मास्तरांना सांगितलं नव्हतं. आणि आता कधीच सांगता येणार नाही." त्याला हुंदका आवरेना.

फौजदारबाईंनी त्याच्या खांद्यावर उजवा हात ठेवला आणि सवयीनं बोटं मानेकडे सरकवली. नाडी पाखरासारखी फडफडत होती. नव्वदीच्या पुढे.

डॉक्टरांचं तर उघडच होतं. दोन ते चार त्यांच्या बाकावर रोग्यांची रांग होती आणि नर्स दर दहा मिनिटांनी आत-बाहेर करत होती.

त्या उठल्या आणि रंगखोलीच्या दाराशी गेल्या. दार ढकललं.

आक्का खिडकीपाशी बसल्या होत्या. समोर रंगांच्या बाटल्या, वीस छटा, प्रत्येकीवर चिठ्ठी. भिंतीवर एका विशीतल्या मुलीचा फोटो. हसरी, किडकिडीत.

"या फौजदारबाई. बसवला का हात? बघू, रंग जुळवून देते. तुमचा वर्ण जरा सावळा, हा गोरा आहे." त्यांनी सातवा हात मांडीवर घेतला. "रंगवून टाकते म्हणजे तुमचाच वाटेल."

त्यांनी ब्रश बुडवला, कातडीजवळ आणला आणि थांबल्या. ब्रशच्या टोकाशी थेंब जमत गेला.

"हा तीळ... ठेवायचा का?" त्यांनी विचारलं. "नाही म्हणजे, तुमच्या उजव्या हाताला नाहीये. जोडी जुळायची तर पुसायला हवा."

"तुम्हाला काय वाटतं?"

आक्कांनी ब्रश खाली ठेवला. त्यांचा अंगठा हाताच्या पाठीवरून फिरू लागला. रंग वाळलाय का बघायची रंगकाराची लकब. करंगळीच्या पेरावर थांबला, हलकेच दाबला, पुढच्या पेरावर गेला. पुन्हा दाबला. पुढे.

 हात आत्ता बंद होता, त्यांना काहीच जाणवत नव्हतं. तरी तो अंगठा पुढे कुठे थांबणार ते त्यांना आधीच कळत होतं.

"आक्का, तुमचा हात गार लागतोय. बरं आहे ना?" म्हणत त्यांनी आक्कांचं मनगट उजव्या हातात घेतलं.

"माझं काय होतंय! डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत ना, त्यानं सगळं मंदच चालतं."

टप्. टप्. टप्. टप्. टप्. टप्.

मग एक पायरी चुकली.

५

 फौजदारबाई रंग उद्या लावू म्हणाल्या, बाहेर आल्या आणि दार ओढून घेतलं. त्यांना माणूस सापडलं होतं, पण कारण सापडलं नव्हतं. सख्ख्या बहिणीनं भावाजवळ बसून दोन तास असं करावं, ते कशासाठी?

"या नाडीची प्रत काढता येते?" त्यांनी चिमट्याला विचारलं. "चुकून बटण दाबलं गेलं तर पुरावा जायचा."

"येते. मास्तरांकडे एक डबी होती. त्यांच्याशिवाय ती कुणी वापरायचं नाही." त्यानं कपाटातून तळहाताएवढी काळी डबी काढली, पडद्याला जोडली आणि बघतच राहिला. "हिच्यात आधीच एक प्रत आहे."

"केव्हाची?"

"त्याच दिवसाची. सकाळी अकराची." त्यानं खाली वाचलं. "सातव्या हातातली. पुरे दोन तास."

"म्हणजे त्या सकाळपर्यंत या हातात दुसरंच काहीतरी होतं."

चिमट्यानं डबी खाली ठेवली. "ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, बाई. तुम्हाला सांगायला जीभ रेटली नाही. हा हात ठमीचा आहे."

"कोण ठमी?"

"आक्कांची लेक. मास्तरांची भाची. फोटो पाहिलात ना भिंतीवर? तिच्या हाताचा साचा घेऊन सातवा हात केला. तीळसुद्धा तिचाच. पहिल्यापासून सगळ्या चाचण्या ती करायची. मग आजारी पडली, अंथरुणाला खिळली. गंमत म्हणून तिनं हा हात उशाशी मागून घेतला होता. माझाच हात मला धरतो म्हणायची. सहा महिने झाले तिला जाऊन. शेवटच्या दिवशी तिची पकड या हातात राहिली. दोन तास. तेव्हापासून आक्का रोज दुपारी एकला इथे येऊन बसायच्या. निळा दिवा लावायच्या आणि मनगट द्यायच्या. त्या वेळात आम्ही कुणी त्या खोलीकडे फिरकत नसू."

"आणि मास्तरांनी तोच हात मला द्यायचं ठरवलं."

"सगळ्या हातांत हाच एक खरा साधला होता. मास्तर म्हणायचे, पोरीचा हात कपाटात कुजवण्यापेक्षा कुणाच्या तरी अंगावर जगू दे. तुम्हाला बसवायचा तर आधी रिकामा करायला हवा. आक्का ऐकायला तयार नव्हत्या."

फौजदारबाईंच्या नजरेसमोर ती दुपार हळूहळू उभी राहू लागली. एकच गोष्ट बसत नव्हती. "रिकामाच करायचा होता, तर मग प्रत कशाला काढली?"

चिमटा कपाटात हात घालून चाचपत होता. मागच्या खणातून त्यानं एक चपटी वस्तू काढली. लहान उशीच्या आकाराची, नव्या कातडीची गादी. अजून रंगवलेलीही नव्हती. तिच्या बुडाशी निळा दिवा, आणि डबी बसेल एवढीच खाच. खाली मास्तरांच्या अक्षरात चिठ्ठी डकवलेली. एकच शब्द.

"आक्कासाठी."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदारबाई रंगखोलीत गेल्या, तेव्हा आक्कांनी वर न बघताच विचारलं, "कळलं?"

"कळलं."

"काल तुम्ही मनगट धरलंत तेव्हाच वाटलं मला. बसा."

त्या बसल्या.  मग आक्का आपणहून बोलू लागल्या, दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तशा.

"एक वाजता नेहमीसारखी आले. तो खुर्चीत होता. मी मनगट दिलं. काही नाही. नुसतं रबर. बघते तर दिवा हिरवा. मी म्हटलं, काय केलंस रे? तर म्हणाला, आक्का, बस जरा, सांगतो. मी कशाची बसतेय! सगळं डोक्यात गेलं. म्हटलं, तू तिला दुसऱ्यांदा मारलंस. हात उचलला टेबलावरून आणि उराशी धरला. तो म्हणत होता, अगं ऐक, अगं ऐक तरी. आणि मग छाती धरली त्यानं."

"कोटात गोळी होती."

"कोट म्हणाला ना. दोनदा म्हणाला. माझ्या पाठीमागेच होता कोट."

"आणि घंटा?"

"तीही होती." आक्कांनी डोळे मिटले. "मी हलले नाही, फौजदारबाई. रागानं नाही हलले. मग त्यानं हात लांब केला आणि बोटं धरली. माझी नाही हो. हिची. मी उराशी धरलेल्या हाताची. काहीतरी सांगत होता, शब्द फुटत नव्हता. पकड किती घट्ट! लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तशी. मग सैल झाली. तेव्हा माझा राग गेला. पण तेव्हा हलून काय उपयोग होता?"

"मग तुम्हाला हिरवा दिवा दिसला."

"हात सगळं ऐकत होता. त्याची ती पकड आत गेली होती, आणि कुणीतरी ती काढून ऐकणार. आक्का शेजारी उभी होती आणि तिनं काही केलं नाही, हे कळणार. फोडावा म्हटलं तर ठमीचा हात. कसा फोडू? अंग गार लागलं तर कुणाला संशय नको म्हणून एसी सोळावर केला. दार लावलं. आणि त्याच्याशेजारी बसून त्याची पकड पुसत राहिले, माझ्या नाडीनं. दोन वाजून पाचला सुरुवात केली. घड्याळ समोरच होतं, त्याच्याच मनगटावर."

खिडकीतून ऊन आत आलं होतं. रंगांच्या बाटल्यांची सावली आक्कांच्या पदरावर पडली होती.

"ठाण्यावर मी फोन केलाय," फौजदारबाई म्हणाल्या. "येतीलच ते. तुम्ही आत्ता मला सांगितलंत तेच त्यांना सांगा. शब्द बदलू नका."

"कशाला बदलू?" आक्का उठल्या. ब्रश धुतला, फडक्याला पुसला, जागेवर ठेवला. "एकच वाटतं. त्यानं मला न सांगता पुसायला नको होतं."

फौजदारबाईंच्या पिशवीत ती गादी होती. रात्रभर त्यांना झोप नव्हती. हे दाखवणं ही दया की शिक्षा, याचा त्यांना उलगडा होईना. पुराव्यात जायच्या आधी एकदा, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. आता त्यांनी ती बाहेर काढून टेबलावर ठेवली, चिठ्ठीची बाजू वर करून.

आक्कांनी वाचलं. भावाचं अक्षर त्यांनी बोटानं चाचपलं.

"हे काय?"

"त्यांनी पुसलं नव्हतं, आक्का. सकाळी अकरालाच इथे उतरवून घेतलं होतं. दुपारी तुम्हाला द्यायचं होतं."

आक्का तशाच उभ्या राहिल्या. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला, मग दाराची घंटा. फौजदारबाईंनी गादी उलटी केली आणि बटण दाबलं. निळा दिवा लागला.

आक्कांनी मनगट पुढे केलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे केलं आणि अखेर गादीवर टेकवलं. कोरी, बिनरंगाची कातडी हळूच उचलली गेली आणि तिनं मनगटाला वेढा घातला. अशक्त, आजारी बोटांची पकड. जरा दाबायची, दमायची, सैल व्हायची. पुन्हा दाबायची.

जिन्यावर बुटांचे आवाज आले.

"ठमीच आहे," आक्का म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यांनी स्वतःच मनगट सोडवून घेतलं, पदर सारखा केला आणि दाराकडे वळल्या. तिथे क्षणभर थांबल्या.

"तो शेवटपर्यंत काय सांगत होता, ते आता कळलं."

त्या पुढे होऊन जिना उतरू लागल्या. मागून फौजदारबाई निघाल्या. गादी त्यांनी उजव्या हातात घेतली होती आणि घाईत बटण बंद करायचं राहून गेलं होतं. प्रत्येक पायरीला ती त्यांच्या तळव्यात दाबत होती, दमत होती, आणि पुन्हा दाबत होती.